वरचं मशीन, खालची मोरी

आधी मोरीच्या जाळीतून गुडगुड आवाज यायचा. मग एक बुडबुडा. मग दुसरा. तिसऱ्यानंतर माझ्या हातात जेमतेम अर्धं मिनिट असायचं. तेवढ्यात बादली उचलायची, साबणाची वडी उचलायची, उंबऱ्यावर गोणपाट दाबायचं आणि पदर खोचून उभं राहायचं. मग काळं, फेसाळ पाणी जाळीतून वर यायचं, आणि पाण्यासोबत जे यायचं त्याचं वर्णन मी करणार नाही. तीस वर्षं प्राथमिक शाळेत काढलेल्या बाईला किळस अशी लवकर येत नाही. तरी पहिल्या दिवशी मी अंगणात जाऊन ओकले.

वर घरमालक राहायचे, खाली मी. त्यामुळे वर कोण अंघोळीला गेलं, कोणाचं पोट बिघडलं, आज चादरी धुतल्या की नुसते रुमाल, हे सगळं मला न विचारता कळायचं. दुसऱ्याच्या संसारात एवढं डोकावायची मला काडीची हौस नव्हती.

शेवगावातलं हे घर मी मुद्दाम भाड्याने घेतलं होतं. माझी नोकरी जिल्हा परिषदेची. नवरा लवकर गेला. बदल्या झाल्या त्या पाथर्डीकडच्या वाड्यावस्त्यांवर, जिथे ऊसतोड सुरू झाली की निम्मा वर्ग आईबापांबरोबर निघून जायचा आणि एसटी दिवसातून एकदाच यायची. मुलीचे हाल नकोत म्हणून पाचवीपासून तिला वसतिगृहात ठेवलं. ती सुट्टीत यायची, पाहुणीसारखी राहायची, बॅग भरून परत जायची. मग कॉलेज, मग नोकरी, मग लग्न. पाचवीनंतर मी तिला सलग महिनाभर सांभाळलं असं एकदाही झालं नाही. ही गोष्ट मला टोचायची, आणि मी ती कोणाला सांगितली नव्हती, तिलाही नाही.

तिला दिवस गेले तेव्हा मी निवृत्त झालेली होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आम्हां ख्रिश्चन लोकांतही इतरांइतकंच पक्कं असतं. त्या दिवसांवर मी डोळा ठेवून होते. तिला माझ्या हाताने तेल लावून न्हाऊ घालायचं, शेगडी पेटवून शेकायचं, खसखशीची खीर करायची, बाळ रडलं तर तिला झोपू द्यायचं आणि आपण उठायचं. जिना नको म्हणून तळमजला पाहिला, दवाखाना जवळ म्हणून ही गल्ली पाहिली. खोल्यांना रंग दिला. आणि पावसाळा संपता संपता, तिला सातवा लागला असताना, त्या घरात आठवड्यातून चारदा गटार यायला लागलं.

घरमालक काका साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. माणूस गरीब, पण प्रत्येक गोष्टीला त्यांचं एकच उत्तर होतं: "बघू." गटाराचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी उपाय सुचवला.

"बाई, जाळीवर ईट ठिवा."

मी वीट ठेवली. पाणी विटेच्या चारी बाजूंनी आलं. मग ते म्हणाले, इटंवर पाट ठिवा आन् वर वजन ठिवा. घरात माझ्यापेक्षा जड असं काहीच नव्हतं, म्हणून पाटावर मीच उभी राहायला लागले. पुढे त्याची पद्धतच पडली. वरून काकू हाक मारायच्या, "बाईऽ, मशीन लावतीय बरं का!" की मी हातातलं काम टाकून मोरीत जायचे आणि पाटावर उभी राहायचे. मशीनचं पाणी दोनदा सुटायचं. दोन्ही वेळा पायाखाली धडधड व्हायची. एकदा अशी उभी असतानाच राहात्याहून विहीणबाईंचा फोन आला. काय चाललंय, म्हणाल्या. मी म्हटलं, काही नाही, उभी आहे.

विहीणबाई तशा सभ्य. पण दर फोनला एकदा तरी म्हणायच्या, "आमच्याकडे सगळी सोय आहे हो. तुम्ही एकट्या, उगीच धावपळ." त्या 'सोय' शब्दाने माझं डोकं उठायचं. सोय माझ्याकडेही होती. फक्त ती पाटाखाली दाबून धरावी लागत होती. चार दिवसांनी पाणी मोरीबरोबर संडासातूनही यायला लागलं आणि तिथे काही पाट ठेवता येईना.

काकूंबद्दल मात्र तक्रार करावी असं काही नव्हतं. आवाज मोठा, हात त्याहून मोठा. भाजी केली की वाटी खाली यायची. माझ्या वाढदिवसाला स्वतः खाली येऊन केक खाल्ला आणि उरलेला बांधून नेला. सकाळ-संध्याकाळ त्यांचं एक काम ठरलेलं: अंगणात, जिन्याजवळ, टाइल्स लावलेलं तुळशीवृंदावन होतं, तिथे पाणी घालायचं, उदबत्ती लावायची, दिवा लावायचा. तुळस अशी काही डौलदार होती की मी दुसरीकडे पाहिली नाही. छातीपर्यंत उंच, पानं तळहाताएवढी. गल्लीतल्या बायका पूजेला पानं मागायला यायच्या. काकू म्हणायच्या, "तिला हितली जागा मानवलीय."

काकू दोन दिवस पाथर्डीला बहिणीकडे गेल्या होत्या तेव्हा मी स्वतःच बाजारातून प्लंबर आणला. काकांनी 'बघू' म्हणायच्या आत तो आत आलाही होता. त्याने मोरी पाहिली, संडास पाहिला, बाहेर येऊन विचारलं, "चेंबर कुठंय?"

काका म्हणाले, "असंल की."

"असंल म्हंजे? घराचं चेंबर हाय का न्हाई? ते उघडल्याबिगर लाइन कशी मोकळी करनार?"

मग त्याने पहार घेतली आणि घरापासून अंगणातल्या फरशीवर ठोकत निघाला. भरीव, भरीव, भरीव. जिन्यापाशी येऊन थांबला. वृंदावनाच्या बुडाशी एकदा हळूच ठोकलं. खाली पोकळ वाजलं. त्याने पहार भिंतीला टेकवली आणि दोन्ही कान पकडले.

"बाई, चेंबर हिच्याखाली हाय."

मी काकांकडे पाहिलं. काका जिन्याच्या पायरीवर बसले. आठ वर्षांपूर्वी घर बांधून झालं, वास्तुशांत दोन दिवसांवर आली, आणि काकूंनी बजावून ठेवलेलं की तुळस आधी बसली पाहिजे. काकूंचा मुक्काम तेव्हा जुन्या घरी. इथे काकांना अंगणात सिमेंटचा चौकोनी, सपाट, छान उंच असा एक चौथरा आयता दिसला. गवंड्याने तो कशाला केला असेल हे त्यांनी विचारलं नाही. त्यावर विटा रचून वृंदावन उभं केलं, टाइल्स लावल्या, माती भरली. काकूंनी येऊन पाहिलं आणि म्हणे पहिल्यांदा नवऱ्याचं कौतुक केलं.

"चांगला पायाच हुता वो," काका म्हणाले.

प्लंबरने सांगितलं ते असं: झाकणाच्या फटीतून मुळ्या खाली गेल्या असणार, पाइपाच्या तोंडाशी जाळं झालं असणार, वृंदावन काढल्याशिवाय इलाज नाही, आणि आपण तुळशीला हात लावणार नाही. पहार खांद्यावर टाकून तो गेला.

काका माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. "बाई, तिला सांगू नका. ती मला घरात ठिवायची न्हाई. मी बघतो कायतरी."

आणि मी गप्प राहिले. आजही हे सांगताना या जागी आले की मला स्वतःचा संताप येतो. एक वाक्य होतं. "काकू, चेंबर तुळशीखाली आहे." एवढंच. मुलांना तीस वर्षं सांगत आले, उभं राहून स्पष्ट बोला. मला ते एक वाक्य तीन आठवडे जमलं नाही.

काकांची दया आली म्हणून गप्प राहिले असं म्हणणं सोयीचं आहे, पण खरं नाही. खरं हे की मी घाबरले. माझ्या जागी दुसरी कोणी भाडेकरू असती तर तिने तडक म्हटलं असतं, आणि ते वाक्य चेंबरबद्दलचं ठरलं असतं. मी रविवारी बायबल हातात धरून गल्लीतून चर्चला जाणारी बाई. माझ्या तोंडून 'तुळस काढा' निघालं असतं तर ते कशाबद्दलचं ठरलं असतं? आजवर मला कोणी वावगं बोललं नव्हतं. पण दिवस असे आहेत की कोणी तरी मोबाईलवर दोन ओळी टाकतो आणि संध्याकाळी दारात दहा माणसं उभी राहतात. मुलीला महिन्याच्या आत इथे आणायचं होतं. मला भांडण नको होतं.

म्हणून मी भांडण मनातल्या मनात केलं. रोज. पाटावर उभी राहून मी काकूंना सगळं सांगायचे आणि त्यांची उत्तरंही मीच द्यायचे. त्या म्हणायच्या, तुमाला आमचं देवाचं काय कळनार. मी म्हणायचे, देवाचं नाही, ड्रेनेजचं बोलतेय. त्या म्हणायच्या, मग दुसरं घर बघा. या भांडणात मी रोज हरायचे आणि रोज नव्याने चिडायचे. खऱ्या काकू तेव्हा वर बसून माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटत असायच्या.

त्यांना काकांनी सांगून ठेवलं होतं की नगरपालिकेची लाइन तुंबली आहे, अर्ज दिला आहे. त्या रोज नगरपालिकेच्या नावाने बोटं मोडायच्या. "माज आलाय मेल्यांना," म्हणायच्या. काका मान हलवायचे. मीही हलवायचे.

तेवढ्यात मला खोकला झाला. काकूंनी तुळशीचा काढा करून पाठवला. ती पानं कशावर पोसली गेली हे आता मला माहीत होतं. काढा मी मोरीत ओतला. म्हणजे तो जिथून आला होता तिथेच गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेला आला तेव्हा मी नको म्हटलं. तिसऱ्या दिवशीही नको म्हटलं. काकूंचा चेहरा पडला. दारात उभ्या राहून हळू आवाजात म्हणाल्या, "आमची तुळस चालत न्हाई व्हय तुमाला? मला म्हाईत नव्हतं, बाई. राग मानू नका." आणि पेला घेऊन वर गेल्या. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. जे होऊ नये म्हणून मी तोंड शिवून बसले होते, ते तोंड शिवल्यामुळेच झालं होतं. तरी मी जिना चढून गेले नाही.

काका 'बघत' होते. त्यांनी जाळीत सोडा टाकला, ॲसिड टाकलं, एकदा सायकलची जुनी तार घालून तासभर ढवळलं. पाणी मोरीतून मधल्या खोलीपर्यंत यायला लागलं. मी फिनेलच्या बाटल्यांवर बाटल्या संपवल्या. नाकातून वास जाईना. जेवताना, प्रार्थनेला बसल्यावर, कुठेही तो असायचाच. मुलीला फोनवर मी सांगत होते, थोडं काम निघालंय, होईल.

ती आली त्या दिवशी मी सकाळपासून तयारीत होते. खोली तीनदा पुसली, नवी चादर घातली. काकांना निक्षून सांगितलं, पाहुणे असेपर्यंत वर एक तांब्याही सांडायचा नाही. मुलगी आली, जावई आले, सोबत विहीणबाई. मुलगी वाकून चप्पल काढू शकत नव्हती. मी खाली बसून तिच्या चपलांचे पट्टे सोडले. तिचे पाय सुजले होते. ते पाय हातात धरले तेव्हा मला वाटलं, आता काहीही होवो, ही माझ्या घरात आली.

काकू खण-नारळ घेऊन खाली आल्या. मुलीच्या ओटीत घातला, तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं मोडली. मी चहा गाळत होते. वर काका एकटेच होते आणि त्यांना तेव्हाच अंघोळ सुचली. काकूंनी सकाळी न लावलेलं मशीनही, बायकोला मदत म्हणून, त्यांनी चालू करून ठेवलं होतं.

गुडगुड ऐकू आली तेव्हा माझ्या दोन्ही हातांत कप होते. पाटावर उभं राहायला कोणीच नव्हतं. पाणी मोरीच्या उंबऱ्यावरून मधल्या खोलीत आलं, पलंगाखाली गेलं, मुलीच्या बॅगेला लागलं. विहीणबाईंनी निऱ्या उचलून पाय खुर्चीवर घेतले. "असू द्या, असू द्या, होतं असं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज खरोखर सभ्य होता, आणि त्यानेच माझा जीव गेला. अर्ध्या तासात मुलगी परत गाडीत बसली. बसताना माझा हात धरून म्हणाली, "आई, तू चिडू नकोस. तू आधी सांगितलं असतंस तर मी चार दिवस थांबून आले असते ना." गाडी वळणावरून गेली तेव्हा पाणी पुसायचं पोतेरं माझ्या हातात तसंच होतं.

काकू मागेच उभ्या होत्या. साडीचा काठ भिजलेला. त्यांनी विचारलं, "बाई, त्यो प्लंबर आनला हुता म्हनं तुमी, मी पाथर्डीला गेल्ते तवा. शेजारीन म्हनली. काय म्हनला त्यो?"

आणि मग मी ते वाक्य बोलले. रागाने, रडत, नको तेवढ्या मोठ्या आवाजात. "चेंबर तुमच्या तुळशीखाली आहे, काकू. तीन आठवडे झाले मला माहीत आहे."

काकू वृंदावनाकडे बघत राहिल्या. मी वाट पाहत होते, त्या मी मनात ऐकलेलं एकेक उत्तर देतील. त्या खाली बसल्या. म्हणाल्या, "म्हंजे आट वर्षं मी गटारावर दिवा लावला?"

मी पोतेरं जिन्याच्या पायरीवर ठेवलं.

"निवेदावर हिची पानं ठिवली मी. गल्लीला वाटली. आन् तुमाला म्हाईत हुतं? तुमी शिकलेली बाई. रोज बघत हुता मला पान ठिवताना. तुमाला एकदा म्हनावंसं वाटलं न्हाई, काकू, तुमची तुळस घान जागी हाय?"

"मला वाटलं तुम्हाला राग येईल," मी म्हटलं. "मी ख्रिश्चन, माझ्या तोंडून तुळशीचं..."

"तुळशीचाच राग यील मला? गटारात ठिवल्याचा न्हाई येनार?" त्या उठल्या. "लई शहान्या तुमी, बाई. माझं उत्तर बी तुमीच ठरवून टाकलं."

मग त्यांनी जिन्याकडे तोंड करून काकांना जी हाक मारली ती बहुधा बाजारापर्यंत गेली. काका ओल्या डोक्याने खाली आले. त्यांना काय काय ऐकावं लागलं ते मी लिहीत नाही. मी त्यातल्या प्रत्येक शब्दाशी सहमत होते आणि त्यातला निम्मा मलाही लागू होता. काकूंनी हळदकुंकू वाहिलं, डोळे मिटून काही पुटपुटल्या, आणि स्वतः खुरप्याने माती मोकळी केली. मी लांब उभी होते. त्या ओरडल्या, "बघता काय? धरा की खालून." मी तुळस बुंध्याशी धरली आणि आम्ही दोघींनी ती उपसली. मुळ्या अर्ध्याअधिक तुटून खालीच राहिल्या. ती तुळस जगणार नव्हती हे आम्हां दोघींना दिसत होतं. काकांनी पहारीने विटा पाडल्या, प्लंबर आला, झाकण निघालं, आणि दिवस मावळायच्या आत इतक्या दिवसांचं तुंबलेलं पाणी सरळ वाटेने निघून गेलं. एवढंच काम होतं ते. एका दुपारचं.

दुसऱ्या दिवशी घर धुऊन, पुसून, दारं-खिडक्या उघडून मी मुलीला फोन केला. सगळं झालं, ये, म्हटलं. ती म्हणाली, जाऊन-येऊन त्रास झाला, डॉक्टरांनी आता प्रवास करू नका म्हणून सांगितलं आहे, इथल्याच दवाखान्यात नाव घातलं आहे. "तू बाळाला बघायला ये ना, आई." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

काकू संध्याकाळी डोकावल्या. "लेक कवा यनार?" मी म्हटलं, नाही येणार आता. त्या म्हणाल्या, "मग तुमी जा की."

"बाळ झाल्यावर बोलावलंय," मी म्हटलं. "आधीच जाऊन व्याह्यांच्या घरी राहायचं म्हणजे... त्यांना काय वाटेल?"

"त्यास्नी काय वाटंल ते बी तुमीच ठरवलं का?" काकू म्हणाल्या, आणि वर निघून गेल्या.

सकाळी सातच्या एसटीने मी निघाले. श्रीरामपूरला गाडी बदलली. डिंकाचा डबा, तेलाची बाटली, जुन्या मऊ साड्यांची दुपटी, सगळं एका पिशवीत कोंबलं होतं. राहात्याला पोचेपर्यंत मी तीनदा ठरवलं की नुसतं भेटून परत यायचं. दार विहीणबाईंनी उघडलं. पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड भरून म्हणाल्या, "अगंबाई, या या, बसा."

मी म्हटलं, "बसायला नाही आले. बाळ सव्वा महिन्याचं होईपर्यंत राहायला आले आहे. माझ्या मुलीचं मला करायचंय." आणि त्या काय म्हणतात याची वाट पाहत दारातच उभी राहिले.